सवंदडावरचं गाठोडं

सावरखेडात भगवंतरावांना कोणी वेडं म्हणत नसे. गरजच नव्हती. पार्वताबाई एकट्याच ते काम साऱ्या गावाच्या वाटचं करत. अन् त्यांचं तरी काय चुकत होतं म्हणा! अकोटपासून दर्यापुरापर्यंत काळ्या रानात माणसं कपाशी लावतात, तूर लावतात, फार तर बांधावर एखादं लिंबू लावतात. भगवंतरावांनी वावराच्या कोपऱ्यात, गावात शिरायच्या रस्त्याला लागून, बादलीबादलीनं पाणी घालून वाढवलं होतं सवंदड. पोथीत ज्याला शमी म्हणतात ते. काटेरी, बारक्या पानाचं, म्हशीलाही ज्याच्या सावलीत मावायची पंचाईत, असं झाड.

झालं होतं असं, की चौदा वर्षांमागं शेतकऱ्यांची सहल राजस्थानला गेली. बाकीचे गडी किल्ले पाहून आले, उंटावर बसून फोटो काढून आले. भगवंतराव जोधपूरच्या पलीकडे एका ढाब्यावर सांगरीची भाजी खाऊन आले. बाजरीच्या भाकरीशी वाटीभर खाल्ली, मग दुसरी मागवली, तिसऱ्या वाटीला ढाबेवाल्याला घेऊनच उठले, म्हणाले झाड दाखव. त्यानं मागच्या रेतीत नेलं. पाण्याचा थेंब नाही, गवताची काडी नाही, अन् झाड शेंगांनी लगडलेलं. भगवंतराव ओरडले, "अरे बापा, हे तं आपलं सवंदड!"

आपल्या गावच्या झाडाच्या शेंगा खातात, अन् हे आपल्याला साठी जवळ आल्यावर राजस्थानात कळावं, याचं त्यांना भारी वाईट वाटलं. घरी येऊन त्यांनी रोप लावलं. पार्वताबाई म्हणाल्या, "लोकं उंटावर बसून आले, आमचे उंटावरचे शहाने होऊन आले."

झाड वाढलं. शेंग मात्र एक धरेना. याला कारण दसरा. आपटा राहिला तिकडे मेळघाटाच्या पायथ्याला, गावाजवळ सवंदडच, म्हणून सावरखेडात सोनं लुटायचं ते सवंदडाचं. सीमोल्लंघनाला अख्खं गाव वाजतगाजत यायचं, पाच मिनिटांत झाडाचा खराटा करून परत जायचं. अन् दसऱ्याला ओरबाडलेलं झाड उन्हाळ्यात जीव सावरायला पालवी फोडतं, शेंगांच्या भानगडीत पडत नाही. हे भगवंतरावांनी ढाबेवाल्याला फोन करून तीनदा विचारून घेतलं होतं. गावाला सांगून पाहिलं, तर गाव म्हणालं, "काका, सोनं घ्या," अन् त्यांच्याच झाडाचा पाला त्यांच्याच हातावर ठेवला.

इकडे पार्वताबाईंचा त्या कोपऱ्यावर वेगळाच डोळा. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्यांच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस. माणसं कापसावर झोपतात, कापसात जेवतात अन् रात्रंदिवस खाजवतात. त्यांना हवं होतं टिनाचं शेड, अन् ट्रॅक्टर लागेल अशी जागा एकच, सवंदडाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला.

"हे पाहा, येत्या आखाजीले माह्या ताटात या झाडाची भाजी पाह्यजे. पडली तं झाड राहीन. नाई पडली तं शेड उभं राहीन. चौदा वर्सं सोसलं मी, रामाचा वनवासबी तेवढाच होता."

भगवंतराव "हो" म्हणाले. दुसरं काही म्हणण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, भर वैशाखात. त्याआधी फक्त एक दसरा झाड वाचवायचं होतं. पण कसं? कुंपण घातलं तर गाव ओलांडेल, कुत्रं बांधलं तर गाव त्याला पोळी घालेल. उत्तर मिळालं ते नवरात्रात, मारुतीच्या देवळात. भजनी मंडळाचे नत्थुजी पोथी सांगत होते. पांडव अज्ञातवासात निघाले, शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवली, मढ्यासारखं गाठोडं बांधलं अन् गुराख्यांना सांगितलं, ही आमची एकशे ऐंशी वर्षांची म्हातारी आई, आमच्या कुळाचा रिवाजच हाय असा. वर्षभर कोणी झाडाकडे फिरकलं नाही. भगवंतराव देवळातून उठले ते पायांत दुसऱ्याच्या चपला घालून.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी पार्वताबाई बायांसोबत अकोटच्या बाजाराला गेल्या. भगवंतरावांनी सरपणातली बोटभर जाड पऱ्हाटी ओढली, कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांचा माणसाएवढा भारा केला. वरून गुंडाळायला काहीतरी जाड हवं म्हणून कोठीतल्या पेटीत हात घातला, लागली ती गोधडी काढली, भाऱ्याला गुंडाळली, त्यावर आपलं जुनं पांढरं धोतर कसलं. मढं इतकं झकास जमलं की त्यांनी क्षणभर टोपी काढली.

वर बांधायला समोरचा देवमन होता. देवमन म्हणजे रिटायर्ड लाइनमन, हयात खांबावर गेलेली, शिडी घरचीच. संध्याकाळी घरच्या सगळ्यांना घेऊन तो नागपूरला दीक्षाभूमीवर निघणार होता, तरी अर्धा तास काढून झाडावर चढला.

"भगवंतराव, हे लोकं भेतीन म्हनता?"

"भेतीन म्हंजे? पांडवाईचं मढं पाहून वर्सभर कोनी गेलं नाई तिकडे!"

"हंम," देवमन म्हणाला. त्यानं गाठ मारली, खेचून पाहिली, अन् शिडी भगवंतरावांकडेच ठेवून नागपूरची गाडी पकडायला गेला.

दसऱ्याला गाव आलं. पुढं बँड, मागं नत्थुजी, त्यामागं सगळे. झाडापासून वीस पावलांवर बँड आपोआप थांबला. फांदीवर पांढरं लांबलचक गाठोडं, वाऱ्यानं जरासं हलतंय.  भगवंतराव पुढं झाले, रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हणाले, "कोनी जवळ येऊ नका बापा! आमच्या घरान्याचा रिवाज हाय. एकशे ऐंशी वर्साची माउली हाय थे."

मग नत्थुजींचे डोळे पाण्यानं भरले.

"वळखलं!" ते गरजले. "वळखलं मी! मढं म्हनाचं अन् आत शस्त्रं! वा रे भगवंतराव! मी आठ दिवस घसा फोडला, पन पोथी जगला तो तू एकटा!"

पोथी आपण एकट्यानंच ऐकली असं भगवंतरावांना का वाटलं होतं, हे त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही. देवळात त्या दिवशी दोनशे माणूस होतं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती! दसऱ्याला शस्त्रं पुजायची असतातच, अन् शस्त्रांचं झाडच गावाला सापडलं, म्हटल्यावर कोण घरी थांबतो? अर्ध्या तासात झाडाखाली दोन ट्रॅक्टर आले, फवारणीचे चौदा पंप आले, रामराव न्हाव्याचा वस्तरा आला. पार्लरवाल्या पिंकीनं भुवया कोरायचा दोरा आणून ठेवला. नत्थुजींनी त्या दोऱ्यालाही हळदकुंकू लावलं. सोन्यासाठी मग एकाला मोटारसायकलवर अकोटला पिटाळलं. सवंदडाच्या पानाला त्या दिवशी एका माणसाचा हात लागला नाही.

म्हणजे डाव फसला होता अन् साधलाही होता. भगवंतराव गप्प बसले. तिसऱ्या दिवशी देवमन नागपूरहून परतला, झाडाभोवतीचा शेंदूर, नारळ अन् अगरबत्त्या पाहिल्या.

"दोन दिवस गावात नाई मी," तो म्हणाला, "तं तुमी पऱ्हाटीचा देव केला?"

"हळू बोल न बापा! आखाजीपावतर चालू दे."

चाललंही असतं. पण थंडी पडली.

डिसेंबरातल्या एका सकाळी पार्वताबाईंनी कोठीतली पेटी उघडली अन् घर डोक्यावर घेतलं. "माह्या मायची गोधडी कुठी गेली?" त्यांच्या आईनं शेवटच्या आजारपणात, स्वतःच्या पाच लुगड्यांची, हातानं टाके घालून शिवलेली गोधडी. थंडीत ती अंगावर घेतल्याशिवाय पार्वताबाईंना झोप येत नसे. भगवंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. ते जे जाड जाड हाताला लागलं होतं, ते ते होतं!

सांगावं, असं त्यांना दिवसातून चार वेळा वाटे. पण सांगितलं की गाठोडं उतरणार, गाठोडं उतरलं की झाड उघडं पडणार, अन् उघडं झाड म्हणजे टिनाचं शेड. ते सांगेनात. तोवर पार्वताबाईंनी चोर धरलाही होता: धाकटी जाऊ, अनसाबाई. मागच्या थंडीत नातवाला ताप होता तेव्हा तिनंच ती गोधडी दोन दिवस नेली होती. "गोडी लागली तिले!" पार्वताबाई भिंतीला ऐकू जाईल असं बोलल्या, अन् भिंतीपलीकडं अनसाबाई राहत होती. तीस वर्षं एका पाटावर पापड लाटलेल्या जावा. दुसऱ्या दिवसापासून एकमेकींचं तोंड पाहीनात. अनसाबाई विहिरीवर पदर तोंडाला लावून रडली, हे भगवंतरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी ते झाडाकडं गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र गेले.

फाल्गुनात झाडाला पिवळट तुरे आले. चैत्रात तुऱ्यांच्या जागी हिरव्या, सुतळीसारख्या बारीक शेंगा लोंबू लागल्या. भगवंतराव झाडाखाली उभे राहून लहान पोरासारखे हसले. चौदा वर्षं! एक शेंग तोडून चावून पाहावी म्हणून त्यांनी हात वर केला, तोच मागून आवाज आला.

"हात खाली!"

नत्थुजी. दुपारची वामकुक्षी ते आता या झाडाखालीच घेत. "शस्त्रं वर हायेत तवरी झाडाले हात नाई. अज्ञातवास दसऱ्याले सुटते."

"पन झाड माह्यं हाय!"

"गाठोडं पांडवाईचं हाय," नत्थुजी म्हणाले अन् कूस बदलली.

गावानं एकमुखानं होकार दिला. पार्वताबाईंनीही दिला. त्या म्हणाल्या, "माही काई घाई नाई. आखाजीले ताटात भाजी नाई पडली, तं दसऱ्याले गाठोडं उतरलं का त्याच दिवशी कुऱ्हाड. नत्थुजीले इचारलं मी. थे म्हनते, शस्त्रं गेल्यावर झाडाचं काय करायचं थे करा." आखाजीला नऊ दिवस उरले होते, आठ उरले, मग एकच उरला.

आखाजीच्या आदल्या दुपारी पारा चव्वेचाळीसवर होता अन् गावात कुत्रंही जागं नव्हतं. हाताशी लोंबणाऱ्या शेंगा कमी झाल्या तर नत्थुजींच्या नजरेत भरतील, म्हणून भगवंतरावांनी वरच्या शेंगांसाठी लांब बांबूला विळा बांधून आकडी केली अन् देवमनला उठवलं. नत्थुजी झाडाखाली घोरत होते. देवमननं त्यांच्या शेजारी धोतराचा पदर पसरून धरला, भगवंतरावांनी आकडी वर घातली.

"उजवीकडे," देवमन कुजबुजला. "अजून. थांबा, थांबा! थे दोर—"

देवमनची गाठ वादळानंही सुटली नसती. विळ्यानं मात्र दोर एका झटक्यात कापला. गाठोडं खाली आलं ते थेट नत्थुजींच्या पोटावर.

"उतरली!" नत्थुजी झोपेतच बोंबलले. "शस्त्रं उतरली रेऽ! धावा!"

नत्थुजींचा गळा भजनात कमावलेला. गाव धावलं. कोणी लुंगीवर, कोणी अर्धी दाढी करून, रामराव हातात वस्तऱ्यासकट. गर्दीत पार्वताबाई आल्या, अन् चार हात सोडून अनसाबाईही. तोवर गाठोड्यावरचं धोतर टरकलं होतं. आतून आधी पऱ्हाटी बाहेर पडली, अन् मग पऱ्हाटीवरून उलगडत गेली पाच लुगड्यांची गोधडी.

"माह्या मायची गोधडी!" पार्वताबाई म्हणाल्या.

मग त्यांनी भगवंतरावांकडं पाहिलं. मग अनसाबाईकडं. अन् खाली मातीत बसूनच घेतलं.

भगवंतरावांच्या हातात अजून आकडी होती, त्यामुळं नाकारण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. "मीच नेली," ते म्हणाले. "मले माहीत नोयतं थे मायची हाय म्हनून. अन् माहीत झालं तवा भेलो. अनसाबाईचा काईच गुना नाई. गुना माह्याच एकट्याचा हाय, सगळा." त्यांनी आकडी खाली ठेवली. "मले फक्त शेंगा पाह्यजे होत्या."

गाव खवळलं. "म्हंजे सात महिने आमी पऱ्हाटीले हात जोडले?"

"कावून, पऱ्हाटीनं काय पाप केलं?" देवमन शांतपणे म्हणाला. "फवारनीच्या पंपाले जोडता, भुवयाच्या दोऱ्याले जोडता. पऱ्हाटीवर तं गावच्या भाकरी शेकतात."

कोणीतरी फिसकन हसलं. सगळे नत्थुजींकडं पाहू लागले, कारण सगळ्यांत जास्त हसं त्यांचं होणार होतं, अन् ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्यांनी पोटावरची पऱ्हाटी झटकली, उभे राहिले.

"आत काय होतं, थे सोडा. गाठोडं उतरलं का नाई? उतरलं. म्हंजे अज्ञातवास सुटला. अन् अज्ञातवास सुटते कोन्या दिवशी?"

"दसऱ्याले!" पोरं ओरडली.

"मंग आज दसरा! लुटा सोनं!"

"नाई!" भगवंतराव किंचाळले. पण दसऱ्याची ती लूट सात महिने तुंबलेली होती. गाव झाडावर तुटून पडलं. अन् हाताशी लोंबत काय होतं? शेंगा. पालाही गेला, शेंगाही गेल्या, खिशांत, पदरांत, टोप्यांत. पाच मिनिटांत झाडाचा नेहमीसारखा खराटा झाला. पांगलेल्या गर्दीमागं भगवंतराव एकटे उभे होते. पायाशी एकच शेंग पडलेली, तीही कोणाच्या तरी चपलेनं चिरडलेली. ती उचलून त्यांनी खिशात घातली. त्यांना रडू आलं अन् ते रडले, कोणी पाहिलं तर पाहो.

घरी गेले तर पार्वताबाई ओसरीवर गोधडी मांडीवर घेऊन बसलेल्या. भगवंतराव दुसऱ्या टोकाला टेकले. त्या ओसरीवर दोघांच्या मध्ये अजून चार माणसं बसतील एवढी जागा होती.

अन् खरंच माणसं येऊ लागली. कारण दसरा जाहीर झाला होता, अन् दसऱ्याला सोनं लुटून थोडंच चालतं? ते वाटावं लागतं, अन् आधी मोठ्यांना द्यावं लागतं. सावरखेडात चाळीस वर्षांत हा नियम कोणी मोडला नव्हता, रागातसुद्धा नाही. पहिला आला रामराव, दाढी अर्धी ठेवून पळालेलं गिऱ्हाईक संगतीला घेऊन. दोघंही वाकले. "घ्या काका सोनं, सोन्यासारखे राहा," म्हणून त्यांनी भगवंतरावांच्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या. मग पिंकी आली. मग बँडवाले आले. ज्याच्या खिशात चार शेंगा होत्या त्यानं चार दिल्या, ज्याच्या टोपीत होत्या त्यानं टोपी उपडी केली. पार्वताबाई निमूट उठल्या अन् दोघांच्या मध्ये परात आणून ठेवली. नत्थुजी सगळ्यांत शेवटी आले. "पोट दुखते अजून," एवढंच म्हणाले, अन् उपरण्याची गाठ परातीत सोडली. त्यात निदान पावशेर माल होता.

ते गेले तशी अनसाबाई आली. धाकटी जाऊ, तिला वाकणं भागच होतं. ती वाकायच्या आतच पार्वताबाईंनी तिचे दोन्ही हात धरले.

"मीच वाकतो व आज. चुकलं माह्यं. चोर म्हटलं मी तुले."

"भिंतीआडून म्हटलं," अनसाबाई म्हणाली. "तोंडावर म्हटलं असतं तं बरं वाटलं असतं."

दोघी रडल्या, मग हसल्या, मग पदर खोचून शेंगा निवडायला बसल्या. भगवंतराव जवळ जाऊ लागले, तर दोघी एकदम म्हणाल्या, "तुमी तिकडेच बसा."

आखाजीला पूर्वजांच्या नावानं घागर भरली, नैवेद्य केला. शेंगा उकडून, ते पाणी काढून, ताकात जिऱ्या-लसणाच्या फोडणीनं शिजवलेल्या. ढाबेवाल्याला त्या दिवशी चौथा फोन झाला होता, अन् तो पार्वताबाईंनी स्वतः केला होता. पहिला घास त्यांनी आईच्या नावानं ठेवला. मग आपलं ताट घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, भाजी लावली. भगवंतरावांनी आपल्या ताटाला हात लावला नव्हता. ते फक्त त्यांच्या तोंडाकडं पाहत होते.

पार्वताबाईंनी सावकाश चावलं. गिळलं.

"कशी हाय व?"

"कडसर हाय," त्या म्हणाल्या, अन् वाटी पुन्हा भाजीच्या गंजात बुडवली.

भगवंतराव पुढं सरकले. "मंग झाड?"

"राहीन. मी बोलली तं बोलली." त्यांनी दुसरा घास घेतला. "पन कापूस यंदा तुमच्या खोलीत भरन. अन् तुमी गादी घेऊन त्या झाडाखाली झोपजा, दिवाळीपासून आखाजीपावतर पाखरं हाकलत."

"थंडीत?"

"थंडीत."

"पांघरायले काय घेऊ?"

पार्वताबाईंनी मांडीवरची गोधडी आणखी जवळ ओढली.

"धोतर हाय न तुमचं," त्या म्हणाल्या. "एकशे ऐंशी वर्साच्या म्हातारीले पुरलं, तुमाले नाई पुरत?"